धर्मादायाची पेटी

माझे मामा बार्शीच्या बाजारात एका अडत दुकानात दिवाणजी होते. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी गेले की दुपारी मी त्यांच्याबरोबर दुकानात जाऊन बसायचे. बाहेर तुरीच्या पोत्यांची थप्पी, आत पांढरी गादी, उतरत्या झाकणाचं डेस्क, लाल बासनातल्या खतावण्या. मामा खरेदीदाराचं बिल लिहायला घ्यायचे. मालाची किंमत, मग हमाली, तोलाई, अडत, आणि सगळ्यांत शेवटी एक ओळ : धर्मादाय. पोत्यामागे काही पैसे. त्या पैशांसाठी त्यांच्या उजव्या हाताला एक वेगळी लाकडी पेटी होती.

एकदा बर्फाच्या गोळ्याची गाडी दारात आली. मामा आत गेले होते. मी पेटीचं झाकण उघडलं, तेवढ्यात ते परत आले. रागावले नाहीत. झाकण लावून घेतलं, स्वतःच्या बंडीतून चार आणे काढून माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, "ह्या पेटीतला पैसा शेठचा न्हाई, माझाबी न्हाई. आपण नुसतं सांभाळायचं."

तेव्हा मला त्या वाक्यापेक्षा गोळा महत्त्वाचा होता. वाक्य आठवलं ते पुष्कळ वर्षांनी, एका रुग्णालयाच्या काउंटरसमोर उभी असताना.

करोना येण्याच्या आधीचा हिवाळा होता. मामा एका लग्नासाठी पुण्यात आले होते आणि माझ्याकडे उतरले होते. रात्री दोनच्या सुमारास छातीत कळ येऊ लागली. घाम, डाव्या हाताला मुंग्या. आम्ही रिक्षात घालून त्यांना जवळच्या रुग्णालयात नेलं. रुग्णालय मोठं, ट्रस्टचं, नावाजलेलं. डॉक्टरांनी लगेच हात घातला, त्याबद्दल मला तेव्हाही काही म्हणायचं नव्हतं आणि आजही नाही. ईसीजी निघाला, गोळ्या चावायला दिल्या गेल्या, हृदयरोगतज्ज्ञांना फोन गेला. पण मामांची खाट लिफ्टकडे ढकलण्याआधी मला काउंटरवर बोलावलं आणि एक लाख रुपये अनामत भरायला सांगितलं. माझ्या कार्डावर साठ हजार निघाले. उरलेले सकाळी भरीन असं लिहून दिलं, सही केली. तेवढ्यात माझा नवरा मामांच्या चपला पिशवीत घालून उभा होता. बाकी काही बोलायची ती वेळ नव्हती.

मामांच्या एका रक्तवाहिनीत स्टेंट बसला. पहाटे साडेपाचला ते आयसीयूत झोपले होते आणि मी चहाचं मशीन शोधत खालच्या मजल्यावर हिंडत होते. तिथे औषधांच्या दुकानाकडे वळणाऱ्या बोळात, पाण्याच्या कूलरच्या मागे, एक फळा दिसला. धर्मादाय योजनेअंतर्गत निर्धन रुग्णांसाठी राखीव खाटा इतक्या, दुर्बल घटकांसाठी इतक्या, आज रिक्त इतक्या. रिक्तच्या पुढे आकडा होता. शून्य नव्हता.

त्या फळ्यासमोर उभं राहून मी मोबाईलवर वाचायला सुरुवात केली आणि पुढचे कित्येक महिने वाचतच राहिले.

आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थांचा १९५०चा कायदा आहे. आधी त्याच्या नावात मुंबई होतं, आता महाराष्ट्र आहे. त्याच्या ४१ कक या कलमाखाली धर्मादाय रुग्णालयांवर गरिबांसाठी खाटा राखून ठेवण्याचं बंधन आहे. हे बंधन पुष्कळ वर्षं कागदावरच होतं. शेवटी एका जनहित याचिकेत मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली सविस्तर योजना मंजूर केली. दर शंभर खाटांमागे दहा खाटा निर्धनांसाठी, पूर्ण मोफत. आणखी दहा दुर्बल घटकांसाठी, सवलतीच्या दरात. इतर रुग्णांची जी बिलं होतात, त्यांच्या दोन टक्के रक्कम रुग्णालयानं निर्धन रुग्ण निधी म्हणून वेगळ्या खात्यात ठेवायची आणि या खाटांवरच्या माणसांची औषधं, साहित्य यांचा खर्च त्यातून करायचा. दुर्बल घटकातल्या रुग्णाला औषधं आणि स्टेंटसारख्या वस्तू खरेदीच्या दरानं द्यायच्या, त्यातले किमान निम्मे पैसे त्यानं भरायचे. आणि तातडीच्या वेळी आलेल्या रुग्णाला अनामत न मागता दाखल करून घ्यायचं, जिवावरचा धोका टळेपर्यंत उपचार करायचे.

अनामत न मागता. ही ओळ मी कूलरशेजारी उभी राहून तीन वेळा वाचली. माझ्या पर्समध्ये साठ हजारांची पावती होती.

आता यातली खरी गोष्ट. हे रुग्णालय गरिबांवर उपकार म्हणून वीस टक्के खाटा ठेवत नाही. ट्रस्टला प्राप्तिकरात सूट असते. यातल्या अनेक रुग्णालयांना सरकारकडून नाममात्र दरानं जमीन मिळाली आहे, काहींना वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे जादा बांधकामाची परवानगी, मिळालं आहे. हे सगळं तुमच्या-माझ्या खिशातून गेलेलं आहे. बार्शीच्या बाजारात जो माणूस काडेपेटी घेतो, त्याच्याही खिशातून गेलेलं आहे. त्या बदल्यात रुग्णालयानं वीस खाटा द्यायच्या असा व्यवहार आहे. राज्यात अशी चारशेहून अधिक रुग्णालयं आहेत. त्यांच्या खाटांचा पाचवा हिस्सा म्हणजे केवढी खोली, केवढी नर्सिंग, केवढं ज्ञान लोकांनी आधीच विकत घेऊन ठेवलेलं आहे.

आणि याच कायद्याच्या ५४व्या कलमात मला मामांची पेटी सापडली. व्यापाराच्या रिवाजानुसार धर्मकार्याच्या नावानं जी रक्कम बिलात लावली जाते, तिला हा कायदा धर्मादा म्हणतो, आणि ती गोळा करणारा माणूस तिचा विश्वस्त ठरतो असं सांगतो. आपण नुसतं सांभाळायचं. मामांनी हे कलम कधी वाचलं नव्हतं.

सकाळी नऊला काउंटरवर गेले. "धर्मादाय खाटेसाठी अर्ज करायचाय," म्हटलं. मुलगी चांगली होती, रात्रपाळी करून दमलेली होती. म्हणाली, "मॅडम, चॅरिटीचे बेड फुल आहेत." मी फळ्याबद्दल सांगितलं. ती म्हणाली, "तो बोर्ड अपडेट नसतो." मग अकरा वाजता समाजसेवा विभाग उघडतो, तिथे विचारा, असं कळलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारलं, मामांचं रेशनकार्ड केशरी होतं. तर रुग्णालय त्या योजनेत अंगीकृत, म्हणजे सामील करून घेतलेलं, नव्हतं. रात्री दोन वाजता कळ आलेल्या माणसानं अंगीकृत रुग्णालयांची यादी कशी पाहायची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

समाजसेवा विभागातल्या बाई मात्र देवासारख्या भेटल्या. एकच टेबल, त्यावर फायलींची चळत, समोर सहा माणसं. त्यांनी मला बसवून घेतलं, कागदांची यादी लिहून दिली आणि हळूच म्हणाल्या, "रात्री इथे आमच्यापैकी कोणी नसतं. अनामत भरून लोक मोकळे होतात आणि मग योजनेचं त्यांना कळतच नाही." यात त्या कुणाला दोष देत नव्हत्या. त्यांच्या कामाचे तास त्या मला सांगत होत्या. पण माझ्यासाठी सगळ्या प्रश्नाचं मर्म त्या दोन वाक्यांत होतं. उच्च न्यायालयाची योजना आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे, देखरेख समित्या आहेत. आणि रात्री दोन वाजता, जेव्हा हे सगळं लागतं, तेव्हा काउंटरवर फक्त अनामतीचं पावतीपुस्तक असतं.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणायला मामेभाऊ बार्शीला परत गेला. तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मामा वॉर्डात आले आणि त्यांना कुणकुण लागली. "हे चॅरिटी म्हंजे काय गं?" त्यांनी विचारलं. आवाजात कळण्यासारखा ताण होता. आयुष्यभर दुसऱ्याचा हिशेब चोख ठेवलेला माणूस. कुणापुढे हात पसरला नव्हता. "आपल्याला फुकटचं नको. तीन एकर हाय, बघू त्याचं."

मी त्यांना जमिनीचं सांगितलं, करमाफीचं सांगितलं, दोन टक्क्यांच्या वेगळ्या खात्याचं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे बिलात धर्मादाय लावत्यात."

"बिलात लावत नाहीत मामा, बिलाच्या रकमेतून बाजूला काढायचा असतो."

"तेच ते. पेटी वेगळी पाहिजे." आणि थोड्या वेळानं, "किल्ली कुणाकडं असती?"

हा प्रश्न मी नंतर बऱ्याच जणांना विचारला. माझ्या मैत्रिणीचा भाऊ दुसऱ्या एका धर्मादाय रुग्णालयात हिशेब विभागात आहे. त्याची बाजू मी इथे मुद्दाम सविस्तर मांडते, कारण ती ऐकल्यावर माझा राग थोडा शहाणा झाला. तो म्हणाला, वर्षाला १० कोटींची बिलं करणाऱ्या रुग्णालयाच्या निधीत २० लाख येतात. अतिदक्षता विभागात दोन महिने राहिलेलं एक अपुऱ्या दिवसांचं बाळ त्यातला मोठा घास घेतं. तशी चार बाळं आली की निधी संपला. पुढे काय? पाचव्या बाळाला नाही म्हणायचं, की इतर रुग्णांचे दर वाढवायचे? सरकारी योजनांचे दर त्यांच्या खर्चाला पुरत नाहीत, आणि जे ठरतं तेही वेळेवर येत नाही. पगार मात्र एक तारखेला द्यावे लागतात. "आम्हाला लबाड म्हणणं सोपं आहे ताई," तो म्हणाला, "पण नर्स टिकवून दाखवा."

त्याचं खरं आहे. आणि हेही खरं, की काही रुग्णालयांच्या निधीत तूट असते तेव्हा दुसऱ्या काहींच्या निधीत वर्षअखेर शिल्लक राहते. एका गल्लीत पेटी रिकामी, दुसऱ्या गल्लीत भरलेली, आणि दोन्हीकडे माणूस काउंटरवर उभा. ही शिल्लक तुटीकडे वळवता येणार नाही असं काही त्या पैशाच्या स्वभावात नाही. तो रुग्णालयाचा पैसा नाहीच मुळी. मला तरी वाटतं की त्याचा एकत्रित हिशेब जिल्ह्याच्या पातळीवर मांडला गेला पाहिजे, आणि दर महिन्याला, उघड्यावर.

देणगीदार आणि सरकार यांच्यातला असा हिशेब आपल्याकडे नवा नाही. मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ साली सुरू झालं. जमशेटजी जिजीभॉय यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले, पण ईस्ट इंडिया कंपनीनंही तेवढीच रक्कम घालावी या अटीवर. पुढे परळला १९२६ साली केईएम आणि गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय उभं राहिलं, तेव्हा देणगी देणाऱ्या विश्वस्तांची अट होती की इथले अध्यापक भारतीय असावेत. म्हणजे तेव्हा पैसा देणारे खासगी लोक सरकारला अटी घालत होते, आणि त्या अटी लोकांच्या बाजूच्या होत्या. आज जमीन आणि सवलत देणारं सरकार अटी घालतं. दिशा उलटली, पण कुणीतरी अट घालायची आणि कुणीतरी ती पाळली जाते का हे बघायचं, ही गरज तीच आहे. जमशेटजी कंपनीच्या मागे लागू शकत होते. मामांसारखा माणूस रुग्णालयाच्या मागे कसा लागणार? त्याच्या वतीनं मागे लागायचं काम सरकारचं.

सरकारला ते जमतं हे आपण पाहिलं आहे. २०१७च्या फेब्रुवारीत स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली. औषध सोडणाऱ्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरली. त्याआधी त्याच वस्तूला लाखाच्या वर मोजणारी कुटुंबं माझ्या ओळखीत आहेत. मामांच्या बिलातली ती एक ओळ मी न घाबरता वाचू शकले, कारण दिल्लीत कुणीतरी आकडा ठरवला होता. बाकीच्या ओळींना तसा आकडा नव्हता.

मग करोना. २१ मे २०२० रोजी महाराष्ट्र सरकारनं अधिसूचना काढली. खासगी रुग्णालयांच्या ८० टक्के खाटांचे दर सरकारनं बांधून दिले. साध्या वॉर्डात दिवसाला ४,०००, आयसीयूत ७,५००, व्हेंटिलेटर असेल तर ९,०००. पुण्यात मोठ्या बिलांची तपासणी करायला लेखापरीक्षक बसवले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचं बिल त्या तपासणीत हजारोंनी खाली आलं. हे दर कमी होते का, त्यात रुग्णालयांचं नुकसान झालं का, पीपीई किटच्या नावाखाली ते भरून काढलं गेलं का, यावर वाद झाले आणि ते व्हायलाच हवे होते. मला त्यातली एकच गोष्ट जपून ठेवावीशी वाटते. त्या दिवसांत रुग्णालयाच्या इमारतीत, बिलाच्या टेबलाजवळ, सरकारचा एक माणूस बसलेला होता. लाट ओसरली, अधिसूचना संपली, आणि तो माणूस उठून गेला.

जानेवारी २०२१मध्ये शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणीचे नियम सुधारले गेले. रुग्णहक्कांची सनद लावा, दरपत्रक लावा, तक्रार निवारण कक्ष ठेवा. चांगले नियम आहेत. मी ज्या रुग्णालयात जाते तिथे सनद शोधते. बहुतेक ठिकाणी ती सापडते. कूलरच्या मागे नाही तर पायऱ्यांच्या वळणावर, चौकटीत, बारीक अक्षरात.

सरकारी रुग्णालयांवर हा लेख नाही, पण त्यांना वगळून हिशेब लागत नाही. माझ्या सासूबाईंना आम्ही एका सरकारी रुग्णालयात नेलं होतं. डॉक्टर उत्तम, पण सोनोग्राफीला तीन आठवड्यांनंतरची तारीख आणि हातात "बाहेरून आणा"ची चिठ्ठी. बाहेरून म्हणजे समोरच्या रस्त्यावरून, जिथे खासगी लॅबची ओळ उभी आहे. सरकारी दवाखाना जितका आटतो, तितकी ती ओळ लांबते, आणि मग धर्मादाय खाटेसमोरची रांगही. १९४६ साली, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं लिहून ठेवलं होतं की पैसे नाहीत म्हणून कुणीही उपचारांपासून वंचित राहू नये. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०१३-१४ मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ६४.२ टक्के वाटा लोक स्वतःच्या खिशातून भरत होते, २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. घसरण मोठी आहे, तिचं मोल मी कमी करत नाही. पण तीन एकरांचा विचार मनात आणून छताकडे बघत पडलेला माणूस या सरासरीत कुठे बसतो, ते मला अजून कळलेलं नाही.

मामांचा दाखला आला. ते दुर्बल घटकात बसले. अनामतीतले बरेचसे पैसे परत मिळाले, बाकीचं बिल कमी झालं. घरी जायच्या दिवशी मामांनी बिल मागून घेतलं. चष्मा लावला, पलंगावर मांडी घातली आणि अडतीच्या दुकानात बघायचे तसं बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सहा पानं. वाचायला पाऊण तास लागला. नर्स दोनदा येऊन गेली. शेवटच्या पानावर, निधीतून दिलेली रक्कम लिहिली होती तिथे त्यांचं बोट थांबलं.

"हां," ते म्हणाले. "हितं लिहिलंय." आणि बिलाची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

मामा आणखी चार वर्षं जगले. तो कागद त्यांच्या ट्रंकेत, सातबाऱ्याबरोबर होता.

गेल्या महिन्यात त्याच रुग्णालयात एका मैत्रिणीला भेटायला गेले होते. कूलर हलवलाय. फळा आता लिफ्टसमोर, सगळ्यांना दिसेल असा लावलाय, हे मला फार बरं वाटलं. उत्पन्नाच्या मर्यादाही वाढल्या आहेत, निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६०. ते सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. रिक्त खाटांपुढे आकडा होता. वर कोपऱ्यात तारीख होती, एकोणीस दिवसांपूर्वीची.

चौकशीच्या खिडकीत एक तरुण मुलगा होता. त्याला तारीख दाखवली. तो ओशाळला, लगेच उठून बाहेर आला, बोटानं जुनी तारीख पुसली आणि आजची घातली. मग मार्कर आकड्यापाशी नेला आणि थांबला.

"मॅडम, आकडा मला कुठं माहितीये? तो वरून येतो."

"मग वर विचारा ना. मी थांबते."

त्यानं खिडकीतून हात घालून फोन ओढून घेतला आणि नंबर लावला. रिंग जात राहिली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, त्यानं पुन्हा लावला. लिफ्ट दोनदा येऊन गेली. एका बाईला चाकाच्या खुर्चीतून आत आणलं, तिच्या मुलाच्या हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. तो फळ्यासमोर थांबला आणि वाचू लागला.

मुलगा तिसऱ्यांदा नंबर लावत होता. मार्करचं टोपण त्यानं दातात धरलं होतं.